हळूच मागायची गोळी

गोरेगाव म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मुंबईची लोकलगाडी उभी राहते. आमचे गोरेगाव ते नव्हे. आमचे गोरेगाव गोंदियाच्या दक्षिणेला, धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. १९९६ साली मी येथे औषधांचे दुकान घातले तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि दुकानावरची पाटी मला पुन्हा रंगवून घ्यावी लागली. त्या पाटीखाली उभे राहून मी जी दुनिया पाहिली, तिच्यातील एका कोपऱ्याबद्दल आज लिहितो आहे. विषय थोडा अवघड जागचा आहे. पण दिवाळी अंक घरात सगळेच वाचतात, आणि हा मजकूर सगळ्यांनीच वाचावा असे मला मनापासून वाटते.

गिऱ्हाइकाने तोंड उघडण्याआधीच त्याला काय हवे ते जुन्या दुकानदाराला कळते. तापाच्या औषधाला आलेला माणूस सरळ पायरी चढून येतो. ती गोळी हवी असलेला माणूस आधी रस्त्यापलीकडच्या पानठेल्याशी उभा राहतो. दुकानातली गर्दी ओसरली की येतो, डोकेदुखीची गोळी मागतो, मग दंतमंजन मागतो, सुटे पैसे मोजतो, आणि वरच्या फळीवरच्या ग्राइप वॉटरकडे पाहत म्हणतो, “अन् ते... जोरवाली गोली राहते का जी?”

राहते. का राहू नये? पण पुढचा प्रश्न ठरलेला असतो. “यातली चांगली कोणची?”

या प्रश्नाचे उत्तर मी किती वर्षे चुकीचे देत होतो, ते पुढे येईलच.

आधी या गोळीची कुळकथा. इंग्लंडात केंट परगण्यातल्या सँडविच गावी फायझर कंपनीची प्रयोगशाळा होती. तेथल्या संशोधकांनी हृदयशूळावर, म्हणजे रक्त कमी पडल्यामुळे छातीत उठणाऱ्या कळेवर, एक औषध तयार केले. नाव सिल्डेनाफिल. १९९०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याच्या चाचण्या झाल्या. छातीच्या दृष्टीने औषध सुमारच निघाले. पण चाचणीला बसलेल्या पुरुषांनी एक निराळाच परिणाम सांगितला. कंपनी शहाणी, तिने तोच धागा धरला. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकन सरकारने ‘व्हायग्रा’ या नावाने हे औषध विकायला परवानगी दिली. नपुंसकत्व हा ज्या व्याधीसाठी साधू, वैदू आणि मांत्रिक एवढेच दरवाजे होते, तिच्यावर तोंडाने घ्यायची, खरोखर लागू पडणारी गोळी प्रथमच आली.

आपल्याकडे तेव्हा १९७०चा पेटंट कायदा चालू होता. त्यात औषधाच्या कृतीला पेटंट मिळे, खुद्द औषधाला मिळत नसे. वेगळ्या कृतीने तेच औषध करायला आपले कारखाने मोकळे होते, आणि त्यांत ते पटाईत. २००१ सालच्या सुमारास पेनेग्रा, कॅव्हर्टा, कामाग्रा अशी नावे एकामागून एक बाजारात आली. मूळ कंपनीची गोळी त्यानंतर काही वर्षांनी भारतात आली, ती कितीतरी महाग. त्यामुळे धानाच्या हंगामात मजुरीवर जाणाऱ्या माणसालासुद्धा ही गोळी परवडू लागली. हे चांगले झाले. ती डॉक्टरला न विचारता मिळू लागली, हे वाईट झाले. आणि त्या वाईटात माझ्या दुकानाचाही वाटा आहे.

ही गोळी करते तरी काय? आमच्या भागातल्या शेतकऱ्याला मी हे पाण्याच्या भाषेत सांगतो. आमचा जिल्हा तलावांचा. तलावाचे दार उघडले की पाणी पाटाने बांधीत येते. पुरुषाच्या मनात इच्छा उपजली, म्हणजे मेंदूकडून निरोप निघतो, शिस्नाच्या रक्तवाहिन्यांपाशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी किंचित सुटतो, आणि त्या वाहिन्या सैल पडून रक्त आत येते. तो झाला दार उघडणारा पाटकरी. पण शरीरात दुसराही एक पाटकरी आहे. तो मागोमाग येऊन दार लावून टाकतो. ही गोळी त्या दुसऱ्या पाटकऱ्याला काही तास बांधून ठेवते. इतकेच. पहिल्याने दार उघडलेच नाही, तर गोळी काही करीत नाही. इच्छा नसलेल्याला ती इच्छा देत नाही, रुसलेल्या बायकोचा रुसवा काढीत नाही, आणि वीर्य वाढवीत नाही. कित्येकजण गोळी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडतात आणि दुसऱ्या दिवशी “बनावट दिली जी तुम्ही” म्हणून भांडायला येतात. (नायट्रिक ऑक्साइडचे हे काम उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ सालचे नोबेल मिळाले. हा वायू ज्यातून निघतो ते नायट्रोग्लिसरीन खुद्द आल्फ्रेड नोबेलने सुरुंगाच्या दारूत वापरून पैसा केला, आणि म्हातारपणी डॉक्टरांनी तेच त्याला हृदयासाठी घ्यायला सांगितले! नशिबाची थट्टा म्हणतात ती अशी.)

आता ‘चांगली कोणची’. सिल्डेनाफिलच्या मागोमाग २००३ साली दोन भावंडे आली, व्हर्डेनाफिल आणि टाडालाफिल. २०१२ साली अमेरिकेत चौथे आले, अव्हानाफिल. गुण पाहाल तर चारही जवळजवळ सारखेच. कोणतीही एक दुसरीहून जोरदार आहे असे म्हणण्यात अर्थ नाही. फरक आहे तो घड्याळाचा.

सिल्डेनाफिल तासभर आधी घ्यावी लागते आणि चार-पाच तास काम देते. तिला भरल्या पोटाचे वावडे आहे. लग्नघरी तुपाची पंगत झोडून किंवा मटणाच्या रश्शावर ती घेतली, तर परिणाम तासाभराने लांबतो आणि उणाही पडतो. “पन्नासची चालली नाही, शंभरची द्या” म्हणणाऱ्या दहांपैकी निम्म्यांना मी “काल रात्री जेवलात काय?” एवढेच विचारतो. साधारणपणे सुरुवात ५० मिलिग्रॅमने करतात. पासष्टीपुढच्या माणसाला, किंवा यकृत-मूत्रपिंड अधू असलेल्याला, २५ने. शंभरच्या वर जायचे नाही आणि दिवसातून एकदाच. व्हर्डेनाफिल तिच्याच वळणाची, मात्रा कमी. अव्हानाफिल लवकर लागू पडते, कित्येकांना पंधरा-वीस मिनिटांत; पण आमच्या बाजूला तिला फारसे कोणी विचारीत नाही.

टाडालाफिलची रीतच निराळी. ती शरीरात छत्तीस तासांपर्यंत टिकते. पंगतीशी तिचे भांडण नाही. शनिवारी रात्री घेतली तर रविवार हाताशी असतो, घड्याळ पाहावे लागत नाही, आणि नवराबायकोंत ‘आता गोळी घेतली आहे, तेव्हा आता’ अशी घाई होत नाही. पाच मिलिग्रॅमची लहान मात्रा रोज घेण्याचाही प्रकार आहे. प्रोस्टेट वाढून लघवीला अडखळणाऱ्या म्हाताऱ्यांना तीच डॉक्टर त्या त्रासासाठीही देतात. मला विचाराल तर घरसंसारी माणसाला ही सोयीची. पण जे औषध जास्त वेळ राहते, त्याचा धोकाही जास्त वेळ राहतो, हे त्या सोयीचे दुसरे अंग.

तक्रारी साऱ्यांच्या मिळत्याजुळत्या. डोके दुखणे, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे, जळजळ. सिल्डेनाफिलने काहींना काही वेळ सारे निळसर दिसते. टाडालाफिलने दुसऱ्या दिवशी कंबर आणि मांड्या अशा धरतात, की रोवणी करून आल्यासारखे वाटावे. दृष्टी किंवा ऐकणे एकाएकी गेले, तर गोळी बंद आणि सरळ दवाखाना. आणि ताठरता चार तासांवर राहिली, तर ती फुशारकीची गोष्ट नव्हे. ताबडतोब उपचार झाला नाही तर तो अवयव कायमचा निकामी होऊ शकतो.

येथे आमच्या भागापुरती एक गोष्ट मुद्दाम सांगायची. पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार पुष्कळ घरांत आहे. अशा रुग्णाला गोळी न घेताही ही चार तासांची आपत्ती येऊ शकते. त्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून या गोळ्यांना हात लावू नये. दुसरी गोष्ट धानाच्या चिखलाची. पावसाळाभर पाण्यात उभे राहून मांड्यांत गजकर्ण होते आणि लोक इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल महिनामहिना घेतात. त्या चालू असताना यकृत सिल्डेनाफिलचा निचरा नीट करू शकत नाही, आणि पन्नासची गोळी अंगात शंभरच्या वर चढल्यासारखी वागते. मोठ्या शहरातल्या पुस्तकी चर्चेत हे गजकर्ण कोणी आणीत नाही. आमच्या दुकानात मात्र दोन्ही मागणारा माणूस पुष्कळदा एकच असतो.

आता ती हकीकत.

आमच्या झाडीपट्टीत भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, शिंगाडे आणि ऊस, रात्री दंडार किंवा नाटक. लेकीबाळी, जावई सगळे गावात असतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका मंडईच्या रात्री, अकराच्या पुढे, माझ्या घराचे दार वाजले. शेजारच्या खेड्यातल्या एका निवृत्त गृहस्थांचा पुतण्या मोटारसायकलवर आला होता. काकांच्या छातीत कळ आली आहे, जिभेखालची गोळी संपली आहे. काका माझे वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक. रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची आणि जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट, सारी औषधे माझ्याकडून जात. चिठ्ठी मला तोंडपाठ. मी दुकान उघडले, पट्टी दिली आणि म्हटले, “एक ठेवून दवाखान्यात न्या.”

काकांनी गोळी जिभेखाली ठेवली आणि पाच-दहा मिनिटांत ते खाटेवरून खाली कोसळले. अंगाला घाम, हातापायांना गारठा, नाडी लागेना. ग्रामीण रुग्णालयात नेले तेव्हा डॉक्टरांनी आडवे निजवून पाय वर केले, सलाईन जोरात सोडले, आणि पहाटेपर्यंत त्यांच्यापाशी बसून राहिले. काका वाचले. काय झाले ते त्या पहाटे कोणालाच कळले नाही, कारण काका बोलेनात.

पंधरा दिवसांनी ते दुकानात आले. गर्दी ओसरेपर्यंत पानठेल्याशी उभे राहिले, तेव्हाच माझ्या मनात चर्र झाले. त्या दुपारी त्यांनी टाडालाफिल घेतली होती. गोंदियाला गेले असता तेथल्या एका दुकानातून आणलेली.

सॉर्बिट्रेट शरीरात जाऊन तोच नायट्रिक ऑक्साइड सोडते. म्हणजे पहिला पाटकरी ती गावभर धावडवते आणि दारामागून दारे उघडते. एरवी दुसरा पाटकरी मागून बंद करीत येतो. पण त्याला तर दुपारच्या गोळीने बांधून ठेवलेले. साऱ्या अंगाच्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडल्या आणि रक्तदाब विहिरीत दोर तुटल्यासारखा खाली गेला. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर निदान ४८ तास नायट्रेटचे कोणतेही औषध अंगात जाता कामा नये. आणि ज्याला नायट्रेट रोज चालू आहे किंवा खिशात बाळगायला सांगितले आहे, त्याने या चार गोळ्यांपैकी एकही केव्हाच घ्यायची नाही. यात कमी-जास्त मात्रेची सवलत नाही.

“माझ्याकडूनच घेतली असती तर?” मी म्हटले. “मी दिलीच नसती.”

काका जमिनीकडे पाहत म्हणाले, “तुम्ही वळखीचे ना जी. तुम्हाला कसा मागू?”

त्या रात्री मला झोप आली नाही, ती काकांमुळे नव्हे. त्याच मंडईच्या आठवड्यात एक अनोळखी साठीचे गृहस्थ माझ्या दुकानी येऊन गेले होते. चांगले कपडे, बोलणे शहरी. हळूच गोळी मागितली, “चांगली कोणती?” विचारले. मी म्हटले, “टाडालाफिल घ्या, दीड दिवस चालते.” चिठ्ठी मागितली नाही, एक प्रश्न केला नाही. ही औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून द्यायची नाहीत असा कायदा आहे, तो मी शिकून परीक्षा पास झालो आहे. पण अनोळखी माणूस लाजतो आहे, तर त्याला लवकर मोकळे करावे, असा माझा शहाणपणा! जाता जाता त्यांनी गोंदियाची बस किती वाजता आहे ते विचारले.

म्हणजे गोरेगावचा माणूस लाजेने गोंदियाला जातो आणि गोंदियाचा माणूस लाजेने गोरेगावला येतो. छातीची चिठ्ठी एका दुकानात आणि ही गोळी दुसऱ्या दुकानात. दोन्ही दुकानदार आपापल्या जागी बिनचूक, आणि माणूस मात्र दोन दुकानांत अर्धा-अर्धा वाटलेला. त्या गृहस्थांची उरलेली औषधे कोणत्या फळीवर होती, हे मला आजतागायत कळलेले नाही. ते पुन्हा आले नाहीत.

तेव्हापासून ‘चांगली कोणची’ याला माझे उत्तर बदलले. आता मी विचारतो, “जिभेखाली ठेवायची गोळी आहे का घरात? छातीसाठी काही चालू? लघवीसाठी?” (प्रोस्टेटच्या टॅमसुलोसिनसारख्या गोळ्यांनीही रक्तदाब उतरतो, म्हणून दोन्हींची सांगड डॉक्टरांनीच घालावी लागते.) पहिल्याने काही गिऱ्हाइके तुटली. दोघांतिघांनी मला शिव्याही घातल्या. चिठ्ठी आणा म्हटल्यावर पुष्कळजण परत येत नाहीत. जे येतात त्यांच्यापाशी मात्र काहीतरी निघते. एक चाळिशीचा बिडी ओढणारा शेतकरी रागारागाने डॉक्टरांकडे गेला आणि साखर तपासून आला, ती बेसुमार वाढलेली. हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा या अवयवाच्या वाहिन्या बारीक असतात. त्यामुळे मधुमेहाने, तंबाखूने, वाढत्या रक्तदाबाने वाहिन्या खराब होऊ लागल्या की पहिली वर्दी पुष्कळदा येथेच लागते आणि छातीची कळ काही वर्षांनी येते. त्या शेतकऱ्याला मी गोळी देऊन वाटेला लावले असते, तर ती वर्दी मीच दाबून टाकली असती.

लाज ही मोठी जुनी चीज आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि लोकांच्या असल्याच प्रश्नांना नि:संकोच उत्तरे दिली. त्यावरून अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली उच्च न्यायालयात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, दंड भरावा लागला, मासिक चालूच राहिले. मुंबईत डॉ. महिंदर वत्सा यांनी ऐंशी ओलांडल्यावर एका इंग्रजी दैनिकात असे सदर सुरू केले आणि २०२० साली वारले तोवर लोकांना उत्तरे दिली. इतकी वर्षे झाली, तरी माझ्या दुकानासमोरचा पानठेला ओस पडलेला नाही.

या लाजेचा आणखी एक फटका मी पाहिला. एक बाई कडेवर लहान मूल घेऊन आली, नागपूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. चिठ्ठीवर सिल्डेनाफिल. दुकानातला पोरगा फिसकन हसला. बाईचा चेहरा पडला. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेल्या रुग्णांना हेच औषध लहान मात्रेत देतात. ते मूल त्यावरच श्वास घेत होते. त्या दिवशी पोराला मी जन्मभर लक्षात राहील असे बोललो. बाईची माफी मागितली, पण ती पुढच्या महिन्यापासून औषध दुसरीकडून नेऊ लागली.

राहिले तंबूवाले. मंडईत दरवर्षी एक तरी तंबू लागतो. काचेच्या बरण्यांत मुळ्या, सफेद मुसळी, खाजकुहिली, शिलाजीत, आणि कर्ण्यावरून सारखी घोषणा. अशा जाहिरातीला १९५४च्या कायद्याने बंदी आहे, पण कर्णा कायदा वाचीत नाही. मुळ्यांशी माझे वैर नाही. पण अशा ‘शुद्ध जडीबुटी’च्या भुकट्या देशोदेशी तपासल्या गेल्या, तेव्हा कित्येकींत चक्क सिल्डेनाफिल मिसळलेले सापडले, किती, त्याचा धरबंध नाही. गोळी घेणाऱ्याला आपण गोळी घेतली हे तरी ठाऊक असते. भुकटी घेणारा छातीत कळ आल्यावर डॉक्टरांना “काही घेतले नाही जी” असेच सांगणार, आणि डॉक्टर नायट्रेट देणार.

गेल्या मंडईत मी फेरफटका मारीत होतो. तंबूपुढे दाटी होती. फेटेवाला वैदू पुडी वर धरून सांगत होता, बारा वर्षांच्या पोरापासून नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत कोणालाही अपाय नाही. गर्दीतून माझे ते काका पुढे सरले. हातात शिंगाड्यांची पिशवी. डॉक्टरांनी त्यांना या चारही गोळ्या वर्ज्य म्हणून सांगितल्या आहेत. निर्वात पंपासारखे दुसरे उपाय आहेत, ते हवे तर पाहू म्हटले आहे, आणि या खेपेला काकू बरोबर जाऊन ऐकून आल्या आहेत. मला वाटले, पुन्हा फसले.

काकांनी पुडी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि चारचौघांत, खणखणीत आवाजात विचारले, “का जी महाराज, हे जिभेखालच्या गोलीसंगं चालते का?”

वैदूने कर्णा बंद केला. “कोणची गोली?”

काकांनी खिशातून सॉर्बिट्रेटची पट्टी काढून त्याच्या नाकापुढे धरली. मागचे लोक माना उंच करून पाहू लागले, आणि त्यांतल्या एका म्हाताऱ्याने आपल्या सदऱ्याचा खिसा चाचपला.